सर्व्हरवरची कॅशे कमांड लाइनवरून साफ करताना: हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

तुम्ही पानात दुरुस्ती केली, फाइल सर्व्हरवर चढवली, डेटाबेसातही नवी नोंद दिसते, तरी वाचकाला पान जुनंच दिसतंय. मग कुणीतरी सांगतं, 'कॅशे उडव' (म्हणजे पान पटकन देता यावं म्हणून साठवलेल्या प्रती काढून टाक), आणि नवा माणूस हाताला लागेल ती पहिली कमांड चालवतो. एक तर काहीच बदलत नाही, नाहीतर एका फटक्यात सगळं रिकामं होऊन मूळ सर्व्हर विनंत्यांच्या ओझ्याखाली बसतो. दोन्हीचं मूळ एकच आहे: कॅशे एका जागी नसते. ब्राउझरमध्ये एक प्रत, सीडीएनवर (वाचकाच्या जवळून पानं देणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) दुसरी, व्हार्निश किंवा एनजिनएक्ससारख्या रिव्हर्स प्रॉक्सीत (मूळ सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) तिसरी, रेडिस किंवा मेमकॅशडी या स्मृतीत डेटा ठेवणाऱ्या साठ्यांमध्ये पानाचे तुकडे, आणि त्याच्याही आत पीएचपीने संकलित करून ठेवलेला कोड.

म्हणून या लेखात मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे. शिळी प्रत कुठल्या थरात आहे ते आधी शोधा, साफसफाई आतून बाहेर करत या, आणि जेवढं शिळं आहे तेवढंच काढा.

कमांड मी बोलताना उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच मूळ रोमन अक्षरांत आणि अंकांत टाइप करायच्या. जिथे अक्षर लहान की मोठं याने फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणांतले पत्ते आणि नावं तुमच्या सर्व्हरप्रमाणे बदला.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- सर्व्हरवर एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे) जाण्याचा प्रवेश, आणि तिथे सूडो (प्रशासकाच्या किंवा दुसऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने कमांड चालवणं) चालतं की नाही याची खात्री.
- कर्ल, म्हणजे टर्मिनलवरून वेब विनंती पाठवणारं साधन. निम्मं काम यावरच होतं.
- तुमच्याकडे ज्या थरांची व्यवस्था आहे त्यांची साधनं: रेडिस-सीएलआय, व्हार्निशअ‍ॅडम, वर्डप्रेस असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय, लाराव्हेल असेल तर आर्टिसन, द्रुपाल असेल तर ड्रश.
- सीडीएन असेल तर त्याचं एपीआय टोकन. फक्त पर्ज करण्यापुरतीच (साठवलेली प्रत काढण्यापुरतीच) परवानगी असलेलं वेगळं टोकन बनवून घ्या. सगळ्या खात्यावर सत्ता असलेली किल्ली या कामाला वापरू नका.
- बदललेल्या पानांच्या पूर्ण पत्त्यांची यादी, एका ओळीवर एक. ही यादी बहुतेक जण करत नाहीत आणि मग 'सगळंच उडवा' याशिवाय पर्याय उरत नाही.
- सर्व्हरवरचा भार दाखवणारा एखादा आलेख किंवा निदान टॉप कमांड, दुसऱ्या खिडकीत उघडी.

पायरी १: तुम्ही कुठल्या सर्व्हरवर आहात ते बघा

होस्टनेम ही कमांड चालवा आणि उत्तर वाचा. चाचणीचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर शेजारशेजारच्या खिडक्यांत उघडे असतात, आणि साफ करणारी कमांड दोन्हीकडे सारख्याच आज्ञाधारकपणे चालते.

पायरी २: शिळी प्रत कोण देतंय ते शोधा

ब्राउझर बाजूला ठेवा. त्याची स्वतःची कॅशे मध्ये आली की निदान चुकतं. टर्मिनलवर हे चालवा:

कर्ल -एस -डी - -ओ /डेव्ह/नल 'एचटीटीपीएस://साइट/बातम्या/'

यातला डी मोठा, एस आणि ओ लहान. ही कमांड पानाचा मजकूर टाकून देते आणि फक्त हेडर, म्हणजे पानासोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती, दाखवते. पुष्कळ ठिकाणी याऐवजी मोठा आय हे छोटं रूप सुचवलेलं असतं. पण त्यात पान मागणाऱ्या गेट विनंतीऐवजी फक्त हेडर मागणारी हेड विनंती जाते आणि काही सर्व्हर हेडला वेगळं उत्तर देतात. म्हणून मी लांबच्या रूपावरच भरवसा ठेवतो.

आता हेडर वाचा. एज या हेडरमध्ये ती प्रत कॅशेत किती सेकंद पडून आहे ते असतं. तीच विनंती थोड्या वेळाने पुन्हा केली आणि आकडा वाढला, तर प्रत नक्कीच कुठल्यातरी कॅशेतून येते आहे. कॅशे-कंट्रोलमध्ये मॅक्स-एज म्हणजे प्रत किती सेकंद ताजी मानायची ते लिहिलेलं असतं. एस-मॅक्सएज हे तेच, पण फक्त सीडीएन आणि प्रॉक्सीसारख्या सामायिक कॅशेंसाठी. एक्स-व्हार्निश दिसलं आणि त्यात दोन आकडे असले, तर व्हार्निशने ते पान आपल्या साठ्यातून दिलं. एकच आकडा असला तर साठ्यातून दिलं नाही. क्लाउडफ्लेअर या सीडीएनचं सीएफ-कॅशे-स्टेटस हिट (साठ्यातून दिलं), मिस (साठ्यात नव्हतं) किंवा डायनॅमिक (साठवण्याजोगं मानलं नाही) असं सरळ सांगतं. क्लाउडफ्रंट हा सीडीएन एक्स-कॅशेमध्ये उत्तर देतो.

हेडर अर्धंच चित्र दाखवतात. पुढचा प्रश्न असा, की सीडीएन वगळून थेट मूळ सर्व्हरला विचारलं तर तो काय देतो? त्यासाठी कर्लचा रिझॉल्व्ह हा पर्याय आहे, आणि नवख्यांना तो बहुधा कुणी दाखवतच नाही:

कर्ल -एस --रिझॉल्व्ह 'साइट:४४३:मूळ-सर्व्हरचा-आयपी' 'एचटीटीपीएस://साइट/बातम्या/'

डीएनएस काहीही म्हणो, ही विनंती तुम्ही दिलेल्या आयपीवरच जाते, आणि प्रमाणपत्रही नीट जुळतं. इथे मजकूर नवा आला तर दोष बाहेरच्या थरात, म्हणजे सीडीएनमध्ये आहे. इथेही जुना आला तर आत शिरा: प्रॉक्सी ओलांडून अ‍ॅप्लिकेशनच्या पोर्टला लोकलहोस्टवरून विचारा. तिथे नवा मजकूर आला तर दोष प्रॉक्सीत आहे, आणि तिथेही जुना असेल तर खुद्द अ‍ॅप्लिकेशन किंवा त्यामागचं रेडिस शिळं देतंय.

पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि काहीतरी अक्षरं लावून बघायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती बऱ्याचदा चालते, कारण कॅशेच्या दृष्टीने तो वेगळा पत्ता ठरतो. पण काही सीडीएन प्रश्नचिन्हापुढचा भाग दुर्लक्षित करतील अशा बेताने लावलेले असतात, म्हणून तिला पुरावा मानू नका.

पायरी ३: क्रम ठरवा, आतून बाहेर

हा क्रम मोडला की पुढची सगळी मेहनत वाया जाते. समजा तुम्ही आधी सीडीएन साफ केला आणि व्हार्निश तसंच ठेवलं. पुढच्याच क्षणी वाचकाची विनंती आली, सीडीएनने व्हार्निशकडे मागणी केली, त्याने जुनी प्रत दिली आणि सीडीएनने ती पुन्हा साठवली, नव्या मुदतीसह. आता शिळं पान आधीपेक्षा जास्त काळ टिकणार. म्हणून आधी अ‍ॅप्लिकेशन, मग ऑब्जेक्ट कॅशे (रेडिस, मेमकॅशडी), मग प्रॉक्सी, मग सीडीएन.

पायरी ४: अ‍ॅप्लिकेशनचा कोड आणि त्याची कॅशे

पीएचपीच्या साइटवर कोड बदलूनही फरक दिसत नसेल तर ओपीकॅशे, म्हणजे पीएचपीने संकलित करून ठेवलेल्या कोडची कॅशे, तपासा. व्हॅलिडेट-टाइमस्टॅम्प्स ही सेटिंग बंद असेल, तर फाइल बदलली हे पीएचपीला कळतच नाही. इथे एक सापळा आहे: टर्मिनलवरून ओपीकॅशे-रीसेट हे फंक्शन चालवलं तर काहीही होत नाही. टर्मिनलवरचं पीएचपी आणि वेबसाठी चालणारं पीएचपी-एफपीएम या वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि त्यांची स्मृतीही वेगळी. त्यामुळे एफपीएमची सेवाच सिस्टमसीटीएल रीलोडने पुन्हा भरून घ्या. सेवेच्या नावात पीएचपीची आवृत्ती असू शकते, ते आधी बघा.

वर्डप्रेससाठी 'डब्ल्यूपी कॅशे फ्लश' आहे. ही कमांड फक्त ऑब्जेक्ट कॅशे रिकामी करते. पान साठवणाऱ्या प्लगिनने डिस्कवर एचटीएमएल फाइली ठेवल्या असतील तर त्यांना ती हात लावत नाही; त्यासाठी त्या प्लगिनची स्वतःची कमांड लागते. शिवाय रेडिस किंवा मेमकॅशडी जोडलेलं नसेल, तर 'यशस्वी' असं उत्तर येऊनही वाचकासाठी काही बदलत नाही, कारण तेव्हा ऑब्जेक्ट कॅशे त्या एका विनंतीपुरतीच जगते. रूट म्हणून चालवायला गेलात तर डब्ल्यूपी-सीएलआय हटकतं. ते हटकणं योग्यच आहे. सूडो -यू वापरून वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा.

द्रुपालमध्ये 'ड्रश सीआर' पुरतं.

लाराव्हेलमध्ये कॅशे:क्लिअर, कॉन्फिग:क्लिअर, रूट:क्लिअर, व्ह्यू:क्लिअर अशा वेगवेगळ्या आज्ञा आहेत, आणि कॉन्फिग बदलल्यावर लोक भलतीच आज्ञा चालवून गोंधळतात. रेडिसवर कॅशे ठेवली असेल तर आणखी एक लक्षात घ्या: कॅशे:क्लिअर ही आज्ञा त्या जोडणीचा अख्खा रेडिस डेटाबेस रिकामा करते. सेशन (लॉगिन झालेल्यांच्या नोंदी) आणि रांगा (मागे करायची कामं) त्याच डेटाबेसात असतील तर त्याही जातील.

पायरी ५: रेडिस आणि मेमकॅशडी

इथे घाई करू नका. नुकसान होतं ते बहुतेक याच पायरीवर.

रेडिसमध्ये फ्लशऑल आणि फ्लशडीबी या दोन आज्ञा सगळ्यात आधी सापडतात. फ्लशडीबी निवडलेला एक डेटाबेस पुसते. फ्लशऑल सगळे पुसते, आणि मूळ मांडणीत रेडिसमध्ये ० ते १५ असे १६ डेटाबेस असतात. त्यात कॅशेच असेल याची हमी नाही. लॉगिन सेशन, पाठवायच्या ईमेलची रांग, दर मिनिटाला मोजायच्या विनंत्यांचे आकडे, असं बरंच काही लोक रेडिसमध्ये ठेवतात. एका आज्ञेने सगळे वापरकर्ते बाहेर फेकले जातात आणि रांगेतली कामं कायमची जातात.

म्हणून आधी बघा. 'इन्फो कीस्पेस' कुठल्या डेटाबेसात किती किल्ल्या (म्हणजे नोंदींची नावं) आहेत ते दाखवतं, आणि त्यांतल्या किती किल्ल्यांना मुदत लावलेली आहे तेही. एखाद्या किल्लीवर 'टीटीएल' चालवलं की उरलेले सेकंद मिळतात. उणे १ म्हणजे मुदतच नाही, उणे २ म्हणजे अशी किल्लीच नाही. मुदत नसलेल्या किल्ल्या दिसल्या की थांबा आणि त्या कुणाच्या आहेत ते विचारा. खरी कॅशे सहसा मुदतीशिवाय ठेवत नाहीत.

किल्ल्या शोधायला 'कीज' ही आज्ञा वापरू नका. रेडिस आज्ञा एकेक करून चालवतं, त्यामुळे लाखो किल्ल्यांवर 'कीज' चालू असताना बाकी सगळ्या विनंत्या ताटकळतात. त्याऐवजी स्कॅन, जे थोडंथोडं पुढे सरकतं:

रेडिस-सीएलआय -एन २ --स्कॅन --पॅटर्न 'पान:बातम्या:*' | हेड

यादी डोळ्यांनी वाचा. जे काढायचं आहे तेच दिसतंय अशी खात्री झाली की मगच:

रेडिस-सीएलआय -एन २ --स्कॅन --पॅटर्न 'पान:बातम्या:*' | एक्सआर्ग्ज -आर -एन ५०० रेडिस-सीएलआय -एन २ अनलिंक

'-एन २' दोनदा आलं आहे, आणि दोन्ही हवेत. दुसरं विसरलात तर शोध डेटाबेस २ मध्ये होईल आणि काढण्याचा प्रयत्न डेटाबेस ० मध्ये. मधलं '-एन ५००' हे एक्सआर्ग्जचं आहे, एका वेळी पाचशे किल्ल्या द्यायला. डेलऐवजी अनलिंक अशासाठी, की ते किल्ली लगेच नजरेआड करतं आणि स्मृती मोकळी करायचं काम मागे चालू ठेवतं, रेडिस ४.० पासून ते आहे. किल्ल्यांच्या नावांत मोकळी जागा किंवा अवतरणचिन्हं असतील तर एक्सआर्ग्ज त्यांचे तुकडे पाडतं, तेव्हा ही ओळ तशीच वापरू नका. आणि क्लस्टर (अनेक सर्व्हरांत म्हणजे नोडांत वाटलेलं रेडिस) असेल तर स्कॅन फक्त त्या एका नोडच्याच किल्ल्या दाखवतं.

मेमकॅशडीत असा नेमका शोध घेता येत नाही. एकतर किल्लीचं पूर्ण नाव देऊन डिलीट, नाहीतर फ्लश-ऑल. हे साधन २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी जन्माला आलं आणि त्याचा साधेपणा अजून तसाच आहे. फ्लश-ऑल पोर्ट ११२११ वर एनसी या नेटवर्कवर मजकूर पाठवणाऱ्या साधनातून पाठवता येतं. त्यानंतर स्मृतीचा आकडा खाली आला नाही तर घाबरू नका. ते नोंदी लगेच पुसत नाही, सगळ्यांची मुदत संपल्याचं ठरवतं आणि जागा पुढे वापरली जाते. अनेक मेमकॅशडी सर्व्हर असतील तर आज्ञा प्रत्येकावर द्यावी लागते, कारण किल्ल्या त्यांच्यात वाटलेल्या असतात. अशा वेळी फ्लश-ऑलपुढे सेकंदांचा आकडा देता येतो. प्रत्येक सर्व्हरला वेगळा आकडा दिला की सगळे एकाच क्षणी रिकामे होत नाहीत. ही सोय नक्की वापरा.

पायरी ६: व्हार्निश आणि एनजिनएक्स

व्हार्निशमध्ये पर्ज आणि बॅन हे दोन मार्ग आहेत. पर्ज एका पत्त्याची प्रत, तिच्या व्हॅरी हेडरनुसार झालेल्या सगळ्या आवृत्त्यांसह, तत्काळ काढतं:

कर्ल -एक्स पर्ज 'एचटीटीपी://लोकलहोस्ट:६०८१/बातम्या/' -एच 'होस्ट: साइट'

एक्स, एच आणि पर्ज हा शब्द मोठ्या अक्षरांत. हे चालण्यासाठी व्हीसीएल फाइलमध्ये (व्हार्निशच्या नियमांच्या फाइलमध्ये) पर्जची सोय लिहिलेली असावी लागते, आणि ती ठराविक आयपींपुरतीच उघडी असावी. बाहेरच्या कुणालाही पर्ज करता येत असेल तर कुणीही तुमच्या मूळ सर्व्हरवर सतत भार टाकू शकतो. होस्ट हेडर विसरलात तर व्हार्निश लोकलहोस्ट नावाच्या साइटचं पान काढायला जातं, तुम्हाला यशाचं उत्तर मिळतं आणि खरी प्रत तशीच राहते.

एका विभागातली सगळी पानं काढायची असतील तर बॅन:

व्हार्निशअ‍ॅडम 'बॅन रेक.एचटीटीपी.होस्ट == साइट && रेक.यूआरएल ~ ^/बातम्या/'

बॅन लगेच काही पुसत नाही. तो एक नियम यादीत टाकतो आणि जुनी प्रत कुणी मागितली की तेव्हा तिला या नियमाशी ताडून बघतो. त्यामुळे बॅनचा वर्षाव केला की यादी फुगते आणि प्रत्येक विनंतीला जास्त तपासणी करावी लागते. 'बॅन.लिस्ट' अधूनमधून बघा. मागे शांतपणे यादी आवरणारा बॅन-लर्कर फक्त ऑब्ज ने (साठवलेल्या प्रतीबद्दल) सुरू होणारे नियम समजू शकतो, रेक ने (येणाऱ्या विनंतीबद्दल) सुरू होणारे नाही. वारंवार बॅन लागत असतील तर पत्ता हेडरमध्ये साठवून ऑब्जवर नियम लिहायची पद्धत लावून घ्या. आणि कॅशे काढायला व्हार्निश रीस्टार्ट करू नका. साठा स्मृतीत असेल तर तो पूर्ण जातो.

एनजिनएक्सच्या मुक्त आवृत्तीत पर्जची आज्ञा नाही; ती सशुल्क आवृत्तीत किंवा वेगळ्या मॉड्यूलमध्ये मिळते. पण कॅशे म्हणजे डिस्कवरच्या फाइलीच असल्यामुळे काम अडत नाही. फाइलीचं नाव हे कॅशे-किल्लीचं एमडी५ असतं आणि मूळ किल्ली फाइलीच्या आत 'की:' या ओळीवर लिहिलेली असते. एमडी५ (किल्लीवरून गणिताने काढलेला ठसा) हाताने काढण्यापेक्षा फाइलींत मजकूर शोधणारी ग्रेप कमांड सोपी:

सूडो ग्रेप -आरएल 'की: .*/बातम्या/' /व्हार/कॅशे/एनजिनएक्स/

फोल्डरचा पत्ता तुमच्या कॉन्फिगमधल्या प्रॉक्सी-कॅशे-पाथवरून घ्या, अंदाजाने टाकू नका. 'की' हा शब्द फाइलीत मोठ्या अक्षरांत असतो. आलेली यादी वाचून मग त्या फाइली काढा. एनजिनएक्स रीलोड करायची गरज नाही, फाइल सापडली नाही की तो मूळ सर्व्हरकडून नवी आणतो. नंतर एरर लॉगमध्ये 'अनलिंक फेल्ड' अशा काही गंभीर दिसणाऱ्या ओळी येऊ शकतात. कॅशे मॅनेजर मुदत संपलेल्या फाइली काढायला आला आणि त्या आधीच गेलेल्या होत्या, एवढाच त्यांचा अर्थ.

फोल्डर रिकामा करणारी आरएम कमांड स्क्रिप्टमध्ये लिहीत असाल तर पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवून पुढे तिरकी रेघ आणि तारा लावू नका. व्हेरिएबल रिकामं निघालं तर ती कमांड मूळ डिरेक्टरीवर चालेल. शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसाच्या आत अपूर्णविराम (:) आणि प्रश्नचिन्ह लिहिलं, की किंमत रिकामी असताना स्क्रिप्ट तिथेच थांबते. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पायरी ७: सीडीएन

क्लाउडफ्लेअरला कर्लने पोस्ट विनंती करून पत्त्यांची यादी देता येते. त्यात 'पर्ज एव्हरीथिंग'ही आहे, पण यादी तयार असेल तर त्याची गरज नसते. क्लाउडफ्रंटसाठी 'एडब्ल्यूएस क्लाउडफ्रंट क्रिएट-इनव्हॅलिडेशन', आणि पुढे डिस्ट्रिब्यूशनचा आयडी व मार्ग. दरमहा पहिले १००० मार्ग मोफत असतात आणि तारा लावलेला मार्ग एकच मोजला जातो. मार्ग मात्र अवतरणात लिहा. उघडा लिहिलात तर शेल त्या ताऱ्याच्या जागी तुमच्याच मशीनवरच्या डिरेक्टरींची नावं भरून पाठवेल. आज्ञा स्वीकारली म्हणजे काम झालं असं नाही. स्थिती 'कम्प्लीटेड' होईपर्यंत थांबा. त्यासाठी वेट ही उपआज्ञा आहे.

अकामाई या सीडीएनच्या साधनात इनव्हॅलिडेट आणि डिलीट असे दोन पर्याय आहेत. इनव्हॅलिडेटमध्ये सीडीएन मूळ सर्व्हरला 'हे बदललं का?' असं विचारतो आणि बदल नसेल तर आहे तीच प्रत पुन्हा वापरतो. डिलीटमध्ये प्रत नव्याने आणावीच लागते. रोजच्या कामाला पहिला पर्याय पुरेसा आहे. चुकून गोपनीय काही प्रसिद्ध झालं असेल तर दुसरा.

पत्ते देताना शेवटची तिरकी रेघ, त्रिवार डब्ल्यू, एचटीटीपी की एचटीटीपीएस, प्रश्नचिन्हापुढचा भाग, हे सगळं जसंच्या तसं लागतं. 'पर्ज केलं तरी जुनंच' या तक्रारीमागे बऱ्याचदा यांतलंच एखादं कारण निघतं. टोकन कमांडमध्ये थेट लिहू नका, ते शेलच्या इतिहासात राहतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी फाइल वापरा.

पायरी ८: सगळं काढणं खरंच भाग असेल तर

साइटची मांडणीच बदलली, प्रत्येक पानावरचा शीर्षभाग नवा झाला, तर सगळं काढावं लागेल. तेव्हा कमी वर्दळीची वेळ निवडा आणि भागाभागाने काढा. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी-कॅशे-लॉक चालू ठेवा, म्हणजे एकाच पानासाठी शंभर विनंत्या आल्या तरी मूळ सर्व्हरकडे एकच जाते. एक भाग काढला की महत्त्वाच्या पानांवर कर्लने एकेक फेरी मारून ती आधीच भरून घ्या, भार खाली आल्याचं बघा, आणि मगच पुढचा भाग.

पायरी ९: पडताळणी

पायरी २ मधली पहिली कर्ल पुन्हा दोनदा चालवा. पहिल्यांदा मिस, दुसऱ्यांदा हिट आणि एज छोटा, असं दिसायला हवं. दोन्ही वेळा मिस आलं तर पान साठवलंच जात नाहीये, तो वेगळा दोष आहे. मग मजकुरातला एखादा नवा शब्द ग्रेपने शोधून बघा, कारण हेडर ताजं असूनही आतला तुकडा रेडिसमधून शिळा येऊ शकतो. प्रॉक्सीचे अनेक नोड असतील तर रिझॉल्व्ह वापरून प्रत्येकाला वेगळं विचारा. काहींना नवं आणि काहींना जुनं दिसत असेल तर एक नोड राहून गेला आहे.

लिनक्सच्या कॅशेबद्दल

फ्री कमांडमध्ये बफ/कॅशेचा आकडा मोठा दिसला की ड्रॉप-कॅशेस वापरावंसं वाटतं. त्याचा शिळ्या पानांशी काही संबंध नाही. ती कर्नलने डिस्क वेगाने वाचता यावी म्हणून वापरलेली रिकामी स्मृती आहे, गरज पडली की कर्नल स्वतः सोडतो. अव्हेलेबल हा आकडा बघा. वेग मोजण्याच्या चाचणीआधी ती साफ करायला हरकत नाही: आधी सिंक, मग सूडो सिससीटीएलने व्हीएम.ड्रॉप-कॅशेस ३ करा. चालत्या सर्व्हरवर त्याने फक्त डिस्कचं काम वाढतं.

ब्राउझरपर्यंत हात पोचत नाही

वाचकाच्या ब्राउझरमध्ये वर्षभराच्या मुदतीने साठलेली सीएसएस फाइल तुम्ही सर्व्हरवरून काढू शकत नाही. क्लिअर-साइट-डेटा नावाचं हेडर आहे, पण वाचकाचा ब्राउझर पुन्हा सर्व्हरशी बोलला तरच ते त्याच्यापर्यंत पोचतं, आणि ते एचटीटीपीएसवरच चालतं. खरा इलाज म्हणजे फाइलीच्या नावातच आवृत्ती घालणं. मजकूर बदलला की नाव बदलतं आणि जुनी प्रत कुणी मागतच नाही. एचटीएमएल पानांना छोटी मुदत, आवृत्ती असलेल्या फाइलींना लांब मुदत, एवढं डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमध्ये बसवून घ्या. बदललेल्या पत्त्यांची यादीही तिथेच तयार होऊ द्या, म्हणजे पर्जच्या वेळी ती हाताने गोळा करावी लागणार नाही.